काटोलच्या दप्तरात सखूचा माग

आजोबांच्या ट्रंकेत सारा भरल्याची एक पावती निघाली. नाव : 'सखू बेवा तुकाराम'. तुकाराम म्हणजे माझे पणजोबा. पण पणजीचं नाव घरात सगळ्यांना पाठ, भागी. मग ही सखू कोण? एवढ्यासाठी पुण्याहून रात्रीची गाडी धरून नागपूर गाठलं.

आधी स्वतःची चूक सांगतो. १९११, १९२१ च्या जनगणनेत नावं मिळतील अशी माझी समजूत होती. त्या छापील अहवालांत जातींचे, धंद्यांचे, गावांचे आकडे आहेत, माणसं नाहीत. पुढे १९४८ च्या कायद्याने तर घरोघरची माहिती गोपनीयच झाली. पहिला दिवस असा वाया गेला. जमेला फक्त तर्री पोहे.

नावं सापडतात ती कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत. आमचं गाव आज नरखेड तहसिलीत, पण नरखेड पूर्वी काटोलातच होतं. त्यामुळे गणेशपेठेहून काटोलची एसटी धरली. तुमच्या गावाची तहसील तेव्हा कोणती होती, हे निघण्याआधीच विचारून ठेवा.

अभिलेख कक्षात पहिला प्रश्न आला, "काहून पाह्यजे भाऊ? व्हॅलिडिटी हाय का?" जात पडताळणीशिवाय इथे कुणी जुनी पानं उलटत नाही. पणजीला शोधतोय म्हटल्यावर बाबू हसला, पण बस्ता काढून दिला. जाताना मौजा (गाव), पटवारी हलका (एका पटवाऱ्याकडची गावं) आणि नावाची सगळी रूपं (सखू, सकू, सखुबाई) कागदावर लिहून न्या. 'वल्द' म्हणजे मुलगा, 'जौजे' म्हणजे बायको, 'बेवा' म्हणजे विधवा, एवढं माहीत असलं की पान वाचता येतं. मोडी आली तर मात्र जाणकार सोबत हवा.

१९१८ चा नोव्हेंबर उघडला आणि हात थबकला. इन्फ्लुएन्झाची साथ. पानच्या पान मयतांचं, कारणाच्या रकान्यात एकच शब्द, 'ताप'. त्यात भागी जौजे तुकाराम. तेरा दिवसांनी खुद्द तुकाराम. म्हणजे सखू ही त्याची दुसरी बायको, मागे उरलेली. चार वर्षांच्या आजोबांना तिनेच वाढवलं असणार.

मग १९१४ ची आजोबांची जन्मनोंद काढली. 'मुलगा, बाप तुकाराम.' पोराचं नाव नाही, आणि आमच्या गावच्या बुकात आईचा रकानाच नाही. म्हणजे आजोबांची आई भागी की सखू, ते इथे कळत नाही.

नकलेचा अर्ज कोर्ट फी तिकीट लावून द्यावा लागतो, आणि ती हातात पडायला दिवस जातात. तेव्हा सोमवारीच पोचा. शनिवारी सरकारी कचेऱ्या बंद. आजोबांच्या शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर बघायचं राहिलं. जमिनीच्या फेरफारासाठी अर्ज टाकून आलोय. सखूच्या नावावर शेत कसं चढलं, ते त्यात असेल. आत्या फोनवर अजून भागीवरच अडून आहे.