नांदूर मध्यमेश्वरचा तास

शाळेच्या आठवणी म्हटलं की बहुतेक जण स्नेहसंमेलन आणि छड्यांवर लिहितात. मी गाळावर लिहिणार आहे.

आमच्या निफाड तालुक्यात गाळाचं नाव कुणी कौतुकानं घेत नाही. गोदावरी-कादवेच्या संगमावर ब्रिटिश अमदानीत नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला, आणि पुरामागून पूर येऊन त्यात माती भरत गेली. पाणी मावेनासं झालं म्हणून घरची मोठी माणसं चिडायची. नववीत शास्त्राच्या सरांनी आम्हाला सायकलींवरून बंधाऱ्याच्या पाण्याकाठच्या चापडगावला नेलं आणि त्याच गाळाकडे बोट केलं, "पाखरं येतात ती ह्याच्यामुळं."

मार्च महिना. गव्हाची सोंगणी, द्राक्षांची खुडणी, त्यामुळे निम्मा वर्ग गैरहजर. सरांची अट एकच : पाखरांची नावं मागाहून, आधी कोण कुठं उभं आहे आणि खातंय कसं ते वहीत लिहा. शेकाट्या काठालगत, घोटाभर पाण्यात, लाल काटकुळ्या पायांवर. चमच्या त्याहून जरा आत, अर्धवट उघडी चोच डावी-उजवीकडे फिरवत चाललेला. थापट्या बदकं पाण्यावरूनच गाळून खाणारी, तर तलवार बदकाचं डोकं बुडालेलं आणि शेपूट आभाळाकडे. पाणकणसात जांभळी पाणकोंबडी कोंब चक्क पायात धरून सोलत होती. गाळानं तळ उंच-सखल केला म्हणून एवढ्यांची पंगत एका जागी बसते, हे सरांनी सांगायच्या आत वहीतच दिसायला लागलं. गावाकडे फुलून आलेले पिवळे धोबी पक्षीही दिसले. परतीच्या प्रवासाआधी त्यांचा रंग असा खुलतो.

आमच्यात मासेमारी करणाऱ्या घरातला एक मुलगा होता. वर्गात कायम शेवटच्या बाकावर. तो दुर्बिणीशिवाय म्हणाला, "सर, आता सगळे वारकरी गोळा होतील बघा." वारकरी म्हणजे काळी, पांढऱ्या कपाळाची पाणपाखरं. झालीही गोळा, वरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत आला होता. सरांनी दुर्बीण गळ्यातून काढून त्याच्या हातात दिली आणि उरलेला तास त्यालाच घ्यायला लावला. प्रगतिपुस्तकात याला रकाना नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

१९८६ साली अभयारण्य झालेली ही जागा २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. बातमी वाचून मी त्या मित्राला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न, "म्हणजे आता गाळ काढणार नाहीत ना?"

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा कार्यक्रम सकाळी अकराला आहे. बाहेरगावहून येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच मुक्कामाला यावं आणि उजाडताना चापडगावचा पक्षी पाहण्याचा मनोरा गाठावा. ऊन चढलं की पाण्यावर नुसती चकाकी दिसते. समारंभाचे पांढरे सदरे मात्र पिशवीत ठेवा, पाखरं लांबूनच उठतात.