लॉनवर चट्टा दिसला की आधी गवत ओढून बघा

परदेशात घराबरोबर लॉनही गळ्यात पडतं. उन्हाळ्यात त्यावर पिवळे-तपकिरी चट्टे उमटले की लोक आधी पाणी मारतात, मग खत टाकतात आणि शेवटी बुरशीनाशक आणतात. यातलं काहीही करण्याआधी चट्ट्याच्या कडेला गुडघे टेकून बसा. मधोमध बघून उपयोग नाही. कशानेही मेलेलं गवत सारखंच दिसतं. खरं दुखणं कडेला चालू असतं, हिरवं आणि पिवळं जिथे भिडतं तिथे.

तिथलं मूठभर गवत धरून ओढा. सतरंजीसारखं अलगद उचललं गेलं तर मुळं कोणीतरी खाल्लीत, बहुतेक हुमणीने (मातीत राहणारी भुंग्याची अळी). खात्री करायला खुरप्याने फूटभर चौकोन तीन बाजूंनी दोन-तीन इंच खोल कापा आणि चौथ्या बाजूवर उलटवा. पांढरट, तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या मोजा. दोन-चार असतील तर सोडून द्या, निरोगी गवत तेवढं सोसतं. दहाच्या आसपास असतील तर औषध लागेल, पण वेळ साधून. उन्हाळा सरताना अळ्या कोवळ्या असतात, तेव्हा औषध लागू पडतं. वसंतातल्या जाडजूड अळ्यांवर ते टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

गवत घट्ट असेल तर एक रोप उपटून त्याचा बुंधा बघा. पांढरा आणि टणक असेल तर गवत मेलेलं नाही, पाण्याअभावी झोपलंय. लांब स्क्रू-ड्रायव्हर जमिनीत खुपसा. पाणी पोचलेल्या मातीत तो सहा इंच सहज जातो. आजूबाजूला जातो पण चट्ट्यातच टणकन अडतो, आणि चट्टाही दरवर्षी त्याच जागी पडतो? मग खाली बांधकामाचा राडारोडा किंवा दगड आहे. खणून काढल्याशिवाय सुटका नाही. स्प्रिंकलरचं पाणी सगळीकडे सारखं पडतं का, हे सरळ कडांचे पाच-सहा रिकामे डबे मांडून कळतं. आठवड्याला साधारण एक इंच पाणी पुरतं.

बुरशीचा पुरावा पात्यावर असतो. पहाटे दव असताना बघा, उन्हात बुरशीची जाळी विरून जाते (कोळ्याचं जाळंही दवात तसंच दिसतं, फसू नका). नाण्याएवढे फिकट ठिपके आणि पात्यावर लालसर काठाचा, डमरूसारखा मध्ये आवळलेला डाग म्हणजे डॉलर स्पॉट. पात्यांच्या टोकांना गुलाबी धागे म्हणजे रेड थ्रेड. दोन्ही बहुधा नत्र (नायट्रोजन) कमी पडल्यावर येतात, म्हणून बेताचं खत हाच पहिला उपाय. उष्ण, दमट रात्रींनंतर हात-दोन हात रुंदीचे तपकिरी गोल पडले तर मात्र ब्राउन पॅचचा संशय घ्या. त्याला नत्र खतपाणीच ठरतं. पाणी संध्याकाळी देणं कुठल्याही बुरशीत वाईट, पाती रात्रभर ओली राहतात. पहाटे द्या. बुटांना केशरी पूड लागली तर तो तांबेरा; तो दिसतो भयंकर, मारतो क्वचितच.

चट्टा सरळ रेषेत असेल तर रोग विसरा. बुरशीला पट्टी लावून रेघ मारता येत नाही. खताचा पट्टा दोनदा पडला असेल, नाहीतर तणनाशक उडालं असेल. सगळं लॉनच पांढुरकं दिसत असेल तर पात्याचं टोक भिंगातून बघा: चिंध्या झाल्या असतील तर गवत कापायच्या मोअरच्या पात्याला धार नाही.

मधे मेलेलं गवत आणि भोवती गडद हिरवं कडं, हे कुत्र्याचं मूत्र. जास्त नत्र आणि क्षारांनी मधलं जळतं, कडेला तेच नत्र खत होतं. तासाभरात भरपूर पाणी ओतलं तर वाचतं. उशीर झाला असेल तर मेलेलं खरवडा, दोन-तीन वेळा पाणी मुरवून क्षार खाली जाऊ द्या आणि मगच बी टाका. रुजेपर्यंत वरची माती ओलसर ठेवा, आणि कुत्र्याला दुसरा कोपरा दाखवा.