दादांची बारा बोर आणि पासष्टचं काडतूस

दादा, म्हणजे माझे वडील, गेले त्याच्या चौथ्या दिवशी मी त्यांची दोन नळ्यांची बारा बोरची बंदूक किनवटच्या ठाण्यात नेऊन जमा केली. माझ्या मायला ते फार लागलं. पण परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की बंदूक घरात ठेवायचा हक्क जातो, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे ती ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानात ठेवावी लागते. पावती जपून ठेवा, पुढे प्रत्येक टेबलावर तीच मागतात.

वारसाच्या नावानं परवाना करायची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. एक गोष्ट मला फार उशिरा कळली: परवानाधारकानं सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षं सांभाळली, तर तो हयातीतच वारसाचं नाव देऊ शकतो. दादा शहात्तरचे होते. कुणी सांगितलं असतं तर त्यांनी स्वतःच्या हातानं सही केली असती. मला मग दोन्ही बहिणींची आणि मायची ना-हरकत शपथपत्रं, डॉक्टरचं प्रमाणपत्र, बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, पोलिसांचा अहवाल, सगळं गोळा करावं लागलं. नांदेडला कलेक्टर ऑफिसच्या किती चकरा झाल्या ते मोजलं नाही. अकरा महिन्यांनी परवाना हातात आला.

मधल्या काळात चुलतभाऊ म्हणायचा, "भाऊ, एवढी खटपट करायलास तर सेमी ऑटोमॅटिक रायफलच घे की. डुकरं मक्यात शिरली की बंदुकीच्या दोन बारांनी काय होतंय?" त्याचं दुःख खरं होतं. त्या साली पैनगंगेकडच्या त्याच्या रानातला अर्धा मका डुकरांनी लोळवला होता. पण तसली रायफल नियमांच्या परिशिष्टात प्रतिबंधित वर्गात आहे, तुम्हा-आम्हाला मिळत नाही. आणि डुकरावर बार टाकायलाही वनखात्याची लेखी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

बंदूक परत घ्यायच्या आधी माळा झाडताना पत्र्याचा एक डबा सापडला. आत पितळी काडतुसं, कळंक चढून हिरवी झालेली. सोबत काडतुसाच्या बुडातली, ठिणगी पाडणारी टोपी काढायचा चिमटा, नमद्याच्या चकत्या, पुठ्ठ्याची झाकणं आणि दारू मोजायचं पितळेचं छोटं माप. आजोबा निजामाच्या काळापासून बंदूक बाळगून होते. उडवलेलं काडतूस टाकून न देता पुन्हा भरायचे, हे मी ऐकून होतो. ते माप हातात घेतलं तेव्हा अंगठ्याखाली झिजलेली जागा लागली.

चुलतभावाच्या डोक्यात लगेच आलं की आपणही भरू, दुकानाचा खर्च वाचेल. मी साफ नाही म्हणालो. एक तर घरी काडतूस भरणं कायद्याच्या लेखी काडतूस बनवणंच आहे, त्याला वेगळा परवाना लागतो. दुसरं, आजोबांचं माप काळ्या दारूचं. आजची धूर न करणारी दारू त्याच मापानं भरली तर दाब कितीतरी पटीनं चढतो, नळी फुटते आणि डाव्या हाताची बोटं जातात. डबा जसाच्या तसा ठाण्यात दिला. जुनी काडतुसं चुलीत, विहिरीत, उकिरड्यावर टाकू नका, ही हात जोडून विनंती.

आता राहिलं नवं काडतूस. माझा समज असा की बारा बोर म्हणजे बारा बोर. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसते ती बारा बोर, साधारण साडेअठरा मिलिमीटर. हे ठाऊक होतं, काडतुसाच्या लांबीचं ठाऊक नव्हतं.

बंदुकीच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांनी नळ्या दस्त्यापासून उतरवल्या, मागच्या टोकाची सपाट बाजू खिडकीकडे धरली आणि कापडानं तेल पुसलं. "वाच." छोटे मुकुट, खाली बीपी, बीव्ही, एनपी. बर्मिंगहॅमच्या तपासणीचे शिक्के. एनपी आहे म्हणजे नळी बिनधुराच्या दारूवर तपासलेली. तो नसता तर चाचा काडतूस घेऊच देणार नव्हते. बाजूला बारीक अक्षरात अडीच इंच. म्हणजे नळीत काडतूस बसतं ते घर पासष्ट मिलिमीटरचं.

मी सत्तर मिलिमीटरचं काडतूस मागायला निघालो होतो. चाचांनी ते माझ्या हातानं नळीत टाकायला लावलं. अलगद बसलं. "बसलं म्हणून चालतं असं नाही, बेटा," ते म्हणाले. डब्यावरची लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. न उडालेलं दुमडलेलं असतं, म्हणून आखूड. बार होताना ती दुमड उलगडते. घर आखूड असेल तर तोंड पुढच्या निमुळत्या भागात अडकतं, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. एखाद्या बाराला काही होणार नाही, दहाव्याला होईल. हे कळल्यावर माझ्या हाताला घाम आला, कारण वर्षानुवर्षं दादा दुकानदार देईल ते घेत आले होते.

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पासष्टची, बारीक छर्ऱ्यांची दहा काडतुसं घेतली. डुकरं हाकण्यापुरती, आवाजासाठी. दुकानदारानं परवान्यावर आणि आपल्या वहीत नोंद केली, मी दोन्हीकडचा आकडा वाचूनच सही केली.

पहिला बार रानात, उंच बांधाच्या मातीत टाकला. पलीकडे कुणी नाही हे चुलतभाऊ स्वतः जाऊन पाहून आला. नळी मोडून टरफल काढलं, ते अजून गरम होतं. पोराच्या दप्तरातली पट्टी आणलीच होती. तोंड पूर्ण उघडलेलं होतं, कडा कुठं चिरलेली नव्हती. पट्टी लावली: साडेसहा सेंटिमीटर.