ब्रूस ली समजून आपण ज्याला टाळ्या वाजवल्या तो युएन वाह

काल रात्री झोप येत नव्हती म्हणून 'एंटर द ड्रॅगन' परत लावला, कितव्यांदा ते विचारू नका. त्यात ओहारा म्हणजे व्हिलनच्या माणसाबरोबरच्या फाईटमध्ये ब्रूस ली मागे उलटी कोलांटी मारता मारता त्याच्या हनुवटीवर लाथ हाणतो बघा, तो ब्रूस ली नाहीच्चे! तो युएन वाह, त्याचा स्टंट डबल, म्हणजे त्याच्या जागी अवघड उड्याबिड्या मारणारा. मी रिमोट घेऊन चारपाचदा मागे-पुढे केलं, चेहरा काही नीट दिसू देत नाहीत लेकाचे.

हा माणूस हाँगकाँगच्या पेकिंग ऑपेरा (गाणं, अभिनय, कोलांट्या सगळं असलेलं चिनी नाटक) शाळेतला, गुरू यू जिम-युएन, वर्गात जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ असली पोरं. गुरूच्या नावातला 'युएन' शिष्यांनी आपल्या नावाला लावला म्हणून एवढे युएन, भाऊबिऊ नाहीत ते.

१९७३ मध्ये ब्रूस ली गेला, मग हा पुढे व्हिलन झाला. १९८७ च्या 'ईस्टर्न कॉन्डॉर्स'मध्ये चष्मा लावून हातात पंखा घेऊन खी खी हसत येतो आणि मग जो काय मारतो, बापरे. मला तर तो हिरोपेक्षा भारी वाटतो, भांडा हवं तर.

आणि २००४ च्या 'कुंग फू हसल'मधला बायकोला टरकून असणारा घरमालक? तोच हा! त्या रोलला हाँगकाँग फिल्म अवॉर्ड मिळालं, सहाय्यक अभिनेत्याचं. तोवर वय पन्नाशीपार. त्याची ती खमकी बायको झालेली युएन च्यू पण त्याच शाळेतली बरं का.