"बघते" म्हटलं आणि फसले

ऑफिसमध्ये "जरा" या शब्दाने सुरू होणारं वाक्य कानावर आलं की मी आता सावध होते. जरा हे बघतेस का, जरा दोन दिवस सांभाळ ना, तुझं ड्राफ्टिंग चांगलंय तर जरा... वगैरे. जरा म्हणजे नेमकं किती हे आजवर मला कोणी सांगितलेलं नाही. माझ्या वाट्याला आलेलं एक "जरा" अडीच वर्षं चाललं.

झालं असं की शिफ्टचं रोस्टर करणारा कलीग पंधरा दिवस रजेवर जाणार होता आणि सरांनी जाता जाता विचारलं, तेवढे पंधरा दिवस जरा रोस्टर बघशील का. मी म्हटलं "बघते". आता माझ्या डोक्यात या "बघते"चा अर्थ होता की विचार करते, बहुतेक नाहीच जमायचं, पण तोंडावर कसं सांगू. सरांनी ऐकलं "हो". संध्याकाळच्या आत एक्सेलची फाइल माझ्या मेलमध्ये आणि सगळ्यांना सीसी, की सोमवारपासून रोस्टरसाठी हिच्याशी बोला. कलीग पंधरा दिवसांनी मस्त फ्रेश होऊन आला, फाइल उघडून म्हणाला अरे वा तू तर रंगबिंग पण दिलेत, मग आता तूच ठेव की. मी यावर काय म्हटलं असेन? "बघते."

रोस्टर म्हणजे नुसते चौकोन भरायचे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक महिना करून बघावं. रविवारी रात्री नऊ वाजता मेसेज यायचे की मी त्याच्याशी शिफ्ट बदलतो पण मग त्याची नाइट तिला द्यावी लागेल आणि तिला तू विचार, माझं नाव सांगू नकोस. दोघंजण असे होते की त्यांना एका शिफ्टला लावायचं नाही, का ते कोणी सांगत नव्हतं, पण लावलं की एकाला हमखास ताप यायचा. फाइलमध्ये पिवळा म्हणजे रजा मागितलीये, हिरवा म्हणजे मंजूर, आणि मी स्वतःच्या सोयीसाठी एक राखाडी रंग काढला होता, मंजूर नाहीये पण हा माणूस येणार नाहीच्चे. तो राखाडी रंग हे माझं या कंपनीला दिलेलं सगळ्यात मोठं योगदान असावं :)

बरं मी नाही म्हणायचा प्रयत्न केला नाही असं नाही. सहा महिन्यांनी नीट तयारी करून गेले, कारणांची यादीच घेऊन. सर मला वेळ पुरत नाही. सर म्हणाले मग तो वीकली रिपोर्ट पंधरा दिवसांनी देत जा. माझा लॅपटॉप ती फाइल उघडायलाच पाच मिनिटं घेतो. नवीन देऊया. रविवारी मेसेज येतात सर. मग शनिवारी लॉक कर ना फाइल. दहा मिनिटांत माझ्या सगळ्या अडचणी सुटल्या आणि मी रोस्टर घेऊनच बाहेर आले, वर नवीन लॅपटॉप. त्यात सरांची चूक काही नव्हती हे मला नंतर कळलं. कारण सांगितलं की समोरच्याला वाटतं ही अडचण सांगतेय, आणि अडचण सोडवणं तर त्यांचं कामच आहे. "नाही" हा शब्द त्या दहा मिनिटांत मी एकदाही उच्चारला नव्हता.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

मधे एका प्रयोगाबद्दल वाचलं आणि स्वतःचीच आठवण आली. लिंडा बॅबकॉक आणि लिसे वेस्टरलुंड वगैरे अमेरिकेतल्या संशोधकांनी केलेला, २०१७ साली पेपर आला त्यावर. तिघातिघांचे गट करायचे, प्रत्येकाला कॉम्प्युटरवर एक बटण, वेळ दोन मिनिटं. कोणीच बटण दाबलं नाही तर प्रत्येकी १ डॉलर. एकाने दाबलं तर बाकी दोघांना २ आणि दाबणाऱ्याला १.२५. म्हणजे कोणीतरी दाबावं हे सगळ्यांनाच हवंय पण तो कोणीतरी मी नको. बहुतेक गटांत शेवटच्या काही सेकंदांत कोणीतरी दाबलंच. मला तर ती दोन मिनिटं डोळ्यासमोर दिसली, मीटिंगमध्ये "मग मिनिट्स कोण लिहितंय" असं विचारल्यावर सगळे आपापल्या वहीत अचानक काहीतरी महत्त्वाचं शोधायला लागतात तीच ती. मिश्र गटांत बायकांनी पुरुषांपेक्षा बरंच जास्त वेळा बटण दाबलं, याचं आश्चर्य कोणत्याच बाईला वाटणार नाही. पण गंमत पुढे आहे, नुसते पुरुष असलेल्या गटांत पुरुषांनी अगदी व्यवस्थित दाबलं, नुसत्या बायकांच्या गटांइतकंच. म्हणजे येतं सगळ्यांना. समोर कोण बसलंय ते बघून ठरतं.

तर नाही कसं म्हणावं हे मी शिकले आमच्या एका सीनियरकडून. हा माणूस इतक्या गोष्टींना नाही म्हणतो आणि तरी त्याच्यावर कोणी चिडत नाही, हे मला बरेच दिवस कोडं होतं. मला वाटायचं त्याचं बोलणं गोड आहे म्हणून, पण तसं काही नाही, चांगला तुसडा आहे. मग लक्षात आलं की तो उत्तर पाच मिनिटांत देतो. "हे माझ्याने व्हायचं नाही, गुरुवारी अर्धा तास मोकळा आहे तेवढ्यात काही विचारायचं असेल तर ये." संपलं. विचारणारा लगेच दुसरीकडे जातो, त्याचा काही खोळंबा होत नाही. आणि आम्ही "बघते"वाले काय करतो, चार दिवस घेतो, त्या चार दिवसांत समोरच्याने आपल्याला धरून पुढचं सगळं ठरवलेलं असतं, आणि मग डेडलाइनच्या आदल्या दिवशी रडवेल्या आवाजात, शंभर वेळा सॉरी म्हणत नाही सांगतो. एवढं नम्रपणे सांगूनसुद्धा लोक दुखावतात कसे, म्हणून परत आपणच दुखावतो. (नवीन नोकरीत, प्रोबेशनवर वगैरे असताना हे असलं जमत नाही हे मान्य. तेव्हा गुपचूप करावं, फक्त रंग देऊ नयेत.)

शेवटी एकदा परत गेले सरांकडे. यावेळी यादी नाही, लॅपटॉपची तक्रार नाही. म्हटलं सर, ३१ तारखेनंतर रोस्टर माझ्याकडे नसेल, त्याआधी जो घेईल त्याला बसून सगळं शिकवते. सर म्हणाले, पण मग कोण करणार? आणि इथे मी गप्प राहिले. लिहायला सोपंय. एसीचा आवाज येत होता, सर पेनाचं टोक आतबाहेर करत होते, टक टक, आणि माझ्या घशापर्यंत वाक्य आलं होतं की बरं कोणी मिळेपर्यंत मीच करते. बटण दाबायला बोट कसं शिवशिवत असेल ते मला त्या दिवशी कळलं. सरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "ठीके, बघतो."

बघतो! हे तर माझंच नाणं. जागेवर येऊन बसायच्या आत मेल टाकला, आत्ता बोलल्याप्रमाणे ३१ पर्यंत हॅन्डओव्हर पूर्ण करते. सीसीत सगळे.

आता रोस्टर चौघांत फिरतं, आणि राखाडी रंग अजून आहे, बघून बरं वाटतं.

मागच्या आठवड्यात सर परत आले, जरा त्या ट्रेनिंगचं को-ऑर्डिनेशन... मी वाक्य पूर्ण व्हायच्या आत म्हटलं, नाही सर, या महिन्यात नाही जमणार. सर म्हणाले ओके. नुसतं ओके! मला जरा लागलंच, खरं सांगायचं तर, निदान एकदा तरी आग्रह करतील असं वाटलं होतं. ते तसेच पुढे शेजारच्या डेस्कपाशी गेले, तिथे दोन महिन्यांपूर्वी जॉइन झालेली मुलगी बसते.

"बघते सर," ती म्हणाली.

मी स्क्रीनच्या वरून मान लांब करून तिला हाताने खूण केली, थांबव, थांबव त्यांना. तिला वाटलं मी ऑल द बेस्ट म्हणतेय. गोड हसली.