मांजरं मारून कसलं संवर्धन?

डर्क हार्टोग बेटाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: एक जीव वाचवायला दुसरा मारायचा, हे कसलं निसर्गप्रेम? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमधलं हे बेट सुमारे ६३ हजार हेक्टरचं. १६१६ साली डच कप्तान डर्क हार्टोग इथे उतरला. पुढे एकोणिसाव्या शतकात मेंढपाळी सुरू झाली. मेंढ्या आल्या, शेळ्या आल्या, मांजरं आली. बेटावरच्या १३ देशी भूचर सस्तन प्राण्यांपैकी १० नाहीसे झाले.

आता पट्टेरी हेअर-वॉलबी बघा. तीही पूर्वी या बेटावर असावी असं मानतात. कांगारूच्या कुळातली, पण फार तर दोन किलोची, पाठीवर आडवे पट्टे. दिवसभर दाट झुडपाखाली दडून बसायचं, रात्री चरायचं. शेळ्यांनी झुडपं ओरबाडली, तसा तिचा आडोसाच गेला. मग मांजराला ती आयती सापडायची. ती तगून राहिली फक्त शेजारच्या बर्निए आणि डोर या दोन छोट्या बेटांवर. तिथे एखादा मोठा वणवा लागला असता, एखादा रोग आला असता, तर?

म्हणून आधी मेंढ्या-शेळ्या हटवल्या. शेवटच्या शेळ्या शोधायला एकीच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून तिला मोकळं सोडत. शेळीला एकटं करमत नाही. ती स्वतःहून कळप गाठते आणि मागोमाग माणसं पोचतात. मला हे वाचून वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. तरी ते करायलाच हवं होतं असं माझं ठाम मत आहे.

मांजरांसाठी २०१४ साली बेटाच्या मधोमध आडवं कुंपण घातलं, विमानातून १०८० नावाच्या विषाची आमिषं टाकली. हे विष पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काही रानझुडपांत मुळातच असतं, त्यामुळे तिथल्या कित्येक देशी प्राण्यांना ते बरंच सोसतं, मांजराला नाही. नंतर कॅमेरे, वाळूतले माग, वास काढणारे कुत्रे. २०१८ मध्ये बेट मांजरमुक्त जाहीर झालं आणि हेअर-वॉलबींना तिथे वसवण्याचं काम जोमाने सुरू झालं. मागून डिबलर आणि बँडिकूट हे छोटे देशी प्राणी, काटक्यांची घरटी बांधणारे उंदीर आले.

मांजराचा यात काहीच दोष नाही. माणसाने त्याला तिथे नेलं, तेव्हा निस्तरायचंही माणसानेच.

आणि शिकारीच नको, असंही नाही. चुडिच हा ठिपकेवाला देशी मांसाहारी प्राणीही बेटावर परत सोडलाय. तो छोटे प्राणी खाणारच. पण त्याच्यापासून जीव वाचवायचा कसा, हे या प्राण्यांना हजारो वर्षांपासून ठाऊक आहे.