शेंडा नसलेले डोंगर

दुसऱ्या शनिवारी पहाटे चारला माझ्या मोबाईलचा गजर वाजतो आणि बायको डोळे न उघडता विचारते, "आज कुठला?"

"राजहंसगड."

"मागच्या खेपेला पण राजहंसगडच होता की."

"मागच्या खेपेला धुकं होतं."

यावर ती काही बोलत नाही, नुसती कूस बदलते. मी स्वयंपाकघरात जाऊन तांदळाच्या डब्यामागचा दुसरा डबा काढतो. त्यात माझा कॅमेरा असतो आणि त्याच्याभोवती घरातल्या प्रत्येक नव्या बुटाच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. बेळगावच्या पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं लेन्सची काय कथा. एका जुन्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटली, तेव्हापासून कॅमेरा धान्याच्या रांगेत बसतो.

मी बँकेत नोकरीला आहे. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला. बरोबरीच्यांनी प्लॉट बघितले, पोरांना क्लासला घातलं. मी डोंगर धरले. रविवार डोंगराच्या कामाचा नाही. रविवारी घरी मटण असतं, त्या वासावर पाहुणे येतात. शिवाय २०२३ मध्ये राजहंसगडावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिल्यापासून रविवारी वर पाय ठेवायला जागा नसते. शनिवारी पहाटे मात्र तिथं मी, सिद्धेश्वराचं देऊळ आणि वारा. आणि माझा मित्र.

हा मित्र उद्यमबागेत लेथवर आहे. त्याला फोटोग्राफीत कवडीचा रस नाही. तो भडंगाची पिशवी, कांदा आणि सुरी घेऊन येतो. वर पोचल्यावर मी ट्रायपॉड उभा करतो, तो कांदा चिरतो. "काढ की निवांत," म्हणतो, "डोंगर काय पळून जायलाय व्हय?" डोंगर पळत नाही हे खरं, उजेड पळतो, पण दिवसभर मायक्रॉनमध्ये मोजणाऱ्या माणसाला चार मिनिटांच्या उजेडाचं महत्त्व पटवणं मी सोडून दिलंय.

आता प्रामाणिकपणे एक सांगून टाकतो. आमचे डोंगर शिखरं म्हणावीत असे नाहीतच. मुळात बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर. गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नाही. म्हणजे आम्ही बेळगावकर जन्मतःच बराचसा डोंगर चढून बसलेलो. राहिला तो किती? राजहंसगडाला तर गाडी थेट दरवाज्यापर्यंत जाते. मी येळ्ळूरात दुचाकी लावून चालत जातो, ते निव्वळ स्वतःच्या मनाला 'चढलो' असं सांगता यावं म्हणून. मित्र बऱ्याचदा मला वाटेत सोडून गाडीनं पुढं जातो आणि वर पोचेपर्यंत त्याचा कांदा चिरून झालेला असतो.

आणि आकार! पोरांना डोंगर काढायला सांगा, तीन त्रिकोण काढतील आणि मधे सूर्य. आमच्याकडे त्रिकोण नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, आंबोळ्या रचाव्यात तसे. पुढं पाण्यानं दऱ्या कोरल्या आणि मधे उरले ते सपाट माथ्याचे डोंगर, बऱ्याच ठिकाणी वरून जांभ्याची टोपी घातलेले. त्या लाव्हाची दक्षिणेकडची कडही आमच्याच जिल्ह्यात कुठंतरी संपते. गोकाकला घटप्रभा जिथून उडी मारते तो वालुकाश्म त्याहून कितीतरी जुना, वेगळ्याच जातीचा. तर असे हे सपाट डोंगर. बँकेत हिमालयात जाऊन आलेले एक साहेब आहेत. त्यांना मी एकदा मोबाईलवर माझा सर्वांत आवडता फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला आणि विचारलं, "छान आहे. डोंगर कुठला यात?"

राग आला. पण घरी जाऊन बघितलं तर त्यांचं चुकलं नव्हतं. फोटोत येळ्ळूरचं शिवार होतं, भात कापल्यावरची मसूर-हरभऱ्याची हिरवी चौकटं होती, लांब शहराची पांढरी रेघ होती. ज्या डोंगरासाठी चारला उठलो, तो कुठंच नव्हता. तो माझ्या पायाखाली होता, फोटोत येणार कसा?

डोंगराचा फोटो काढायचा तर त्याच्यावर चढून चालत नाही, समोरच्या डोंगरावर चढावं लागतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला चार वर्षं लागली. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण तोवर मला निदान पन्नास जणांनी ऐकवली होती, त्यात सासरे दोनदा. पण सगळ्यांनी ती 'घरी बस' या अर्थानं ऐकवली. 'शेजारच्या डोंगरावर जा' असा तिचा अर्थ कुणी सांगितला नाही.

तेव्हापासून माझी जोडी ठरली. राजहंसगडाच्या वायव्येला वैजनाथाचा डोंगर आणि त्याच्या मागं महिपालगड. सकाळी सूर्य माझ्या पाठीशी असतो, तेव्हा राजहंसगडावरून वैजनाथाची रांग उजळते. संध्याकाळी उलट, महिपालगडावर बसलं की मावळतीचा उजेड राजहंसगडाच्या अंगावर पडतो. उलट्या वेळी गेलात तर समोर नुसती करडी फिकट पट्टी. ऑक्टोबरात, पाऊस धुवून गेल्यावर, हवा आरशासारखी असते. मार्चनंतर धुरकट पडदा लागतो, तो पहिल्या वळवापर्यंत हटत नाही. या सगळ्या शास्त्रावर ताण म्हणजे मित्राची शिफ्ट. त्याची सेकंड शिफ्ट असली तर सकाळ, म्हणजे राजहंसगड. फर्स्ट शिफ्ट असली तर तीनला सुटून संध्याकाळ, म्हणजे महिपालगड. माझा उजेड कारखान्याच्या नोटीस बोर्डावर ठरतो.

महिपालगडाला जायचं म्हणजे वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा, बाची आणि मग शिनोळी. बाचीपर्यंत कर्नाटक, शिनोळीपासून महाराष्ट्र. दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलते, एसटीचा रंग बदलतो. शिवार तेच राहतं, बांधावरची बाभळही तीच. मोबाईल तेवढा गोंधळतो. वर गेल्यावर कधी इकडचा टॉवर धरतो, कधी तिकडचा. मित्राच्या भाषेत, "कोर्टाचं काय हुतंय ते हू दे, खरं तुझ्या फोनचा निकाल दर पाच मिनिटाला लागालाय."

महिपालगडावर वस्ती आहे, अख्खं गाव तटाच्या आत. पहिल्यांदा गेलो तेव्हा ट्रायपॉड लावला, केबल जोडली, आकाश केशरी झालं आणि पडद्यावर अक्षरं आली : कार्ड नाही. कार्ड घरी, लॅपटॉपच्या खाचेत. मित्र हसला नाही, त्यानं भडंग पुढं केलं, ते जास्त लागलं. शेण्या घेऊन चाललेली एक आज्जी थांबली.

"काय दिसालंय रे त्यातनं?"

कार्ड नसलं तरी दिसतं सगळं. मी लेन्स लांबवर नेली आणि तिला वाकून बघायला सांगितलं. "तो राजहंसगड, आज्जी. त्यो ठिपका म्हणजे महाराजांचा पुतळा." आमच्या सपाट माथ्याला शेवटी शेंडा मिळाला तो असा, फोकस करायला सोयीचा पडतो. तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "त्येच्या खालच्या अंगाला माझं माहेर. दाव की." मी लेन्स खाली आणली. तिथं तिन्हीसांजेचा धूर आणि झाडी. "हां, हेच," ती म्हणाली आणि शेण्या उचलून गेली. तिला काय दिसलं देव जाणे. मला तर आंब्याची राईसुद्धा ओळखता येत नव्हती.

गेल्या चौथ्या शनिवारी मित्राची फर्स्ट शिफ्ट होती. कार्ड होतं, बॅटरी होती, हवा स्वच्छ होती. सूर्य तिलारीच्या बाजूला टेकला तसा समोरचा गड तांबूस झाला आणि त्याच्या माथ्यावर काहीतरी लखकन चमकलं. गाडीची काच असणार. मी बटण दाबलं.

"तिकडं पण कोणतरी फोटो काढायला आलंय बघ," मित्र म्हणाला.

"यावेळी तिकडून काय घंटा येणार? सूर्य आपल्या मागं आहे. त्याला आपण नुसते काळे दिसणार."

"दिसू देत की," म्हणत तो उठला. एका हातात भडंगाची पिशवी होती, म्हणून त्यानं दुसरा, कांद्याचा हात वर केला आणि राजहंसगडाकडे बघून जोरजोरानं हलवला.